तीन म्हणजे तीन काय?

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भाची लॅपटॉप बगलेत मारून माझ्याकडे आली. त्यांच्या गल्लीतली लाइट गेली होती आणि माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, एवढंच कारण. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या गटाने प्रोजेक्टला घेतलेला विषय सोलापूरकरालाच सुचावा असा होता: पाण्याची पाळी. कुठल्या भागात पाणी कधी सुटणार आणि किती वेळ राहणार, हे मोबाइलवर कळावं. आपल्याकडे ‘पाणी आलं का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’च्या आधी विचारतात. दिवसाआड, तीन दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येणाऱ्या पाण्याभोवती इथली माणसं लग्नाच्या खरेदीपासून दवाखान्यापर्यंत सगळं बसवतात, तेव्हा विषय काही वाईट नव्हता. गटातला एक मुलगा मोबाइलचं ॲप लिहिणार, दुसरा सर्व्हर सांभाळणार, आणि या दोघांच्या मध्ये कुठली माहिती कुठल्या आकारात ये-जा करणार, ते भाची लिहून देणार. त्यासाठी तिने प्रोटोबफ निवडलं होतं. गूगलने २००८ साली सगळ्यांसाठी खुली केलेली ही भाषा. तिच्यात ‘हे कर, मग ते कर’ असं काही नसतं, नुसतं वर्णन असतं. पाळी म्हणजे काय? तिला भागाचं नाव असतं, सुरू होण्याची वेळ असते, कालावधी असतो. संपलं.

मी पन्हं करून आणेपर्यंत तिची कंपायलरशी, म्हणजे ही फाइल तपासून तिच्यावरून कोड तयार करणाऱ्या प्रोग्रामशी, झटापट सुरू झाली होती. काळ्या पडद्यावर चुकांच्या ओळी येत होत्या, ती पुटपुटत एकेक दुरुस्त करत होती, पुन्हा चालवत होती, पुन्हा ओळी येत होत्या. मग एकदा काहीच आलं नाही. नुसता कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागला. “झालं, पास!” म्हणत तिने ग्लास उचलला. मी सहज डोकावले. नमुन्यादाखल तिने एक नोंद भरून ठेवली होती, त्यात कालावधीपुढे ३ होता. मी विचारलं, तीन म्हणजे तीन काय? “तास,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, “तासच ना?” तिने ॲपवाल्या मुलाला फोन लावला. त्याने मिनिटं धरली होती आणि त्याप्रमाणे पडदासुद्धा रंगवून झाला होता. गंमत अशी की ती त्या मुलावर अजिबात चिडली नाही. ती चिडली कंपायलरवर. “मघापासून एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर कटकट केली, आणि हे याने सांगितलं का नाही?”

माझ्या डोक्यात तो प्रश्न पुढे बरेच दिवस फिरत राहिला.

प्रश्न बाळबोध नव्हता. जो अर्धविराम विसरला म्हणून हटून बसतो, तो तास की मिनिटं यावर गप्प कसा बसतो? माझं पोट या असल्याच फाइलींवर चालतं. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी जुळे सोलापुरातल्या या खोलीत बसून करते, आणि दिवसातून कितीतरी वेळा तो रिकामा लुकलुकणारा कर्सर बघून सुटकेचा श्वास टाकते. तो श्वास नेमका कशावर टाकते, हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मी तिला कंपायलर फाइल कशी वाचतो ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. आधी तो अक्षरं जोडून शब्द पाडतो. इथे अर्थाशी संबंध नसतो. हे नाव, हा आकडा, हा महिरपी कंस, हा अर्धविराम, एवढंच. नावं रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ यांतूनच करावी लागतात. भाचीने हौसेने एक नाव देवनागरीत लिहून पाहिलं होतं, तिथे तो पहिल्याच अक्षराला अडला. (आपल्या गावात पाळीला मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तीन नावं आहेत. त्याने तिन्हींना सारखंच अडवलं असतं, निदान भेदभाव नाही.) शब्द पाडून झाले की वाक्यं. प्रकार, नाव, बरोबरचं चिन्ह, क्रमांक, अर्धविराम, हा क्रम मोडला की तो थांबतो. तिचा अर्धविराम सातव्या ओळीत सुटला होता आणि तक्रार आली आठव्या ओळीची. “आठव्यात तर काहीच चुकलं नाही!” नाहीच चुकलं. पण त्याच्या दृष्टीने ओळ संपणं ही घटनाच नाही. क्रमांकानंतर अर्धविराम येऊ शकतो किंवा चौकटी कंसात काही खुलासा येऊ शकतो, म्हणून तो पुढचा शब्द बघायला गेला, तो शब्द खालच्या ओळीत भेटला, आणि तो यातला काहीच नाही असं दिसल्यावर तो तिथेच उभा राहून ओरडला. चूक जिथे झाली ती जागा त्याला माहीत नसते. ती आपल्याला जिथे लपवता येईनाशी होते, ती जागा तो दाखवतो.

एक चूक सापडली म्हणून तो वाचणं सोडत नाही, हे त्याचं मला आवडतं. त्या वाक्याच्या शेवटापर्यंत सगळं टाकून देतो आणि पुढचं वाक्य नव्या मनाने वाचायला घेतो, म्हणजे एका फेरीत चार चुका सांगता येतात. मात्र वाक्यरचनेत एक जरी खोट राहिली तरी तो पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाही. म्हणूनच नवख्याला वाटतं की हा मुद्दाम छळतोय: सगळ्या चुका दुरुस्त कराव्यात, तर नव्याच निघतात, ‘मग मघाशी का नाही बोललास?’ मघाशी तो तिथवर पोचलाच नव्हता.

पुढच्या खोलीत नात्यांची चौकशी होते. हे नाव वापरलंस, ते कुठे सांगितलं आहेस? या फाइलीत? आणलेल्या दुसऱ्या फाइलीत? अ फाइल ब ला बोलावते आणि ब उलट अ ला, असं तर नाही? भाचीने एक नाव तिसऱ्याच फाइलीतलं वापरलं होतं, जी तिने स्वतः बोलावली नव्हती, आडून आली होती. त्यावर त्याचा संदेश असा की हे अमुक फाइलीत सांगितलेलं ‘असावंसं दिसतं’, पण ती तू बोलावलेली नाहीस, बोलावून घे. एवढा काटेकोर प्राणी, पण इथे ‘असावंसं दिसतं’ म्हणतो. मला तर त्यात आमच्या जुन्या शाळेतल्या हेडक्लार्कचा सूर ऐकू येतो. आणि खरी करमणूक झाली ती ‘अज्ञात’वरून. तिने दोन याद्या केल्या होत्या, एक भागाच्या प्रकाराची, एक पाळीच्या स्थितीची, आणि दोन्हींत पहिलं नाव ‘अज्ञात’ ठेवलं होतं. वेगवेगळ्या याद्या आहेत, बिघडलं काय? तर तो म्हणाला की हे नाव आधीच घेतलेलं आहे, आणि वर समजावलं की यादीतली नावं ही यादीची मुलं नसतात, भावंडं असतात. म्हणजे दोन्ही ‘अज्ञात’ एकाच अंगणात शेजारी शेजारी उभे. भाची पन्ह्याचा घोट गिळेना इतकी हसत सुटली. “मावशी, याचं घर आपल्या आजोळासारखं आहे, कोण कोणाचा मुलगा कळतच नाही.”

मग क्रमांक. प्रत्येक रकान्याला एक क्रमांक द्यावा लागतो, एका वर्णनात तो दोनदा चालत नाही, आणि १९००० ते १९९९९ हे क्रमांक भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेत. सगळ्यात मोठा क्रमांक ५३६८७०९११. हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. तारेवरून, म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, जाताना क्रमांक आणि प्रकार मिळून बत्तीस बिटांत बसवायचे असतात, प्रकाराला तीन लागतात, उरले एकोणतीस, त्यात जेवढं मावतं तेवढं. पाण्याच्या पाळीला इतके रकाने कधी लागणार नाहीत, पण कोणी लिहिलेच तर तो सोडणार नाही.

हे सगळं पार केल्यावर तो गप्प होतो.

लहानपणी आम्ही साखर पेठेत राहायचो. भिंतीला भिंत लागून एका पद्मशाली कुटुंबाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पुढच्या दोन खोल्यांत माग आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. खटाक-खटाक हा आवाज आमच्या घरात इतका मुरला होता की तो थांबला की झोपमोड व्हायची. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी पाडणारी यंत्रणा, आणि त्याच्यावरून खाली येणारी पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ, दोरीने एकमेकांना ओवलेली. प्रत्येक कार्डाला भोकं. भोक असलं की ताण्याचा तो धागा उचलला जायचा, नसलं की जागेवर राहायचा, मधून धोटा जायचा, की एक आडवा धागा विणून झाला. पुढचा धागा, पुढचं कार्ड. चादरीवरचा मोर असा कार्डामागून कार्ड खाली उतरायचा. नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर रंगवलेली असायची, आणि तिच्यावरून कोणीतरी कार्डं पाडून आणायचं. माळ मागावर चढवण्याआधी शेजारचे आजोबा आणि आजी एक संध्याकाळ तपासायला बसत. ते कागदावरची चौकटी बघून तेलुगूत मोजत, ओकटी, रेंडु, मूडु, आणि आजी कार्डावरच्या भोकांवरून बोट फिरवत जायची. कुठे बोट अडखळलं की दोघंही थांबत. भोक जास्त पडलं असेल तर कागदाचा तुकडा चिकटवून बुजवत, कमी असेल तर पाडत. आम्ही पोरं तिथे बुजवलेल्या भोकांचे टिकले वेचत बसायचो.

माग काही विचारायचा नाही. माळेत चुकलेलं कार्ड आलं तर त्याने तेही त्याच इमानाने विणलं असतं, आणि नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा, प्रत्येक चादरीत, त्याच जागी. त्याच्या जागी विचारायला म्हातारा-म्हातारी बसलेली होती. पण एकदा काय झालं, की सगळी माळ तपासून झाली, एकही भोक चुकलेलं नव्हतं, चादर विणून झाली आणि माल घेणारा व्यापारी बघून म्हणाला, हा मोर आहे की कोंबडी? आजोबा काही बोलले नाहीत. कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. कागदावरही कोंबडीच होती. कार्ड कागदाशी जुळतं का हे त्यांनी बघितलं होतं, कागद मोराशी जुळतो का हे बघायचं काम त्यांना कोणी दिलंच नव्हतं. आजीने मात्र तेलुगूत काहीतरी सुनावलं, बहुधा ‘मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं’ अशा अर्थाचं. तिला दिसत होतं यावर माझा विश्वास आहे. तिने सांगितलं का नाही, हा तोच भाचीचा प्रश्न.

भाचीला मी कोंबडीची गोष्ट सांगितली नाही, मंगळाची सांगितली. तिच्या वयाच्या मुलांना आकाशातली उदाहरणं लवकर पटतात. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर नावाचं यान १९९८ च्या डिसेंबरात सुटलं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी पोचून कायमचं गप्प झालं. यानाचे छोटे अग्निबाण किती जोर लावतायत याचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्राम फाइलीत लिहायचा, आणि दुसरा प्रोग्राम ती फाइल वाचून मार्ग काढायचा. लिहिणारा पौंडांत लिहीत होता, वाचणारा न्यूटनांत वाचत होता. फरक सुमारे साडेचार पट. यान मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जाईल अशी योजना होती, प्रत्यक्षात ते ५७ किलोमीटरच्या आसपास उतरलं असं नंतरच्या हिशेबात निघालं, आणि तिथल्या वातावरणात ते टिकणं शक्य नव्हतं. यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट ही की आकडे मेट्रिकमध्ये द्यायचे हे करारात लिहिलेलं होतं. फाइलीचा आकार बरोबर होता, रकाने जागच्या जागी होते, आकड्याच्या जागी आकडाच होता. वाचणाऱ्या यंत्राने तक्रार करावी असं तिच्यात काहीच नव्हतं. पौंड की न्यूटन हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद फक्त माणसांनी वाचायचा होता.

भाचीने त्यावर लगेच फाइलीत शेरा लिहिला. दोन तिरक्या रेघा आणि पुढे मराठीत: ‘कालावधी मिनिटांत लिहावा, तासांत नव्हे.’ शेऱ्यात देवनागरी चालते. कंपायलर तो शेरा उचलून तयार होणाऱ्या कोडमध्ये नेऊनही ठेवतो, आणि त्यातलं एक अक्षरही तपासत नाही. ‘कालावधी आंब्यांत लिहावा’ असं लिहिलं तरी पास. रकान्याचं नावच ‘कालावधी_मिनिटं’ असं रोमनमध्ये करणं जास्त शहाणपणाचं, आणि भाषेत त्यासाठी कालावधीचा वेगळा तयार प्रकारही आहे, सेकंदांत मोजणारा, तो तर उत्तमच. हे मी तिला सांगितलं. पण तिचं लक्ष आता दुसरीकडे गेलं होतं. तिने तो रकाना पुसून त्याच जागी, त्याच तिसऱ्या क्रमांकावर, नवा रकाना लिहायला घेतला होता, आणि कंपायलर पुन्हा काहीच बोलत नव्हता.

इथे मात्र मी तिचा हात धरला. कंपायलरला काल नसतो. त्याच्यापुढे आजची फाइल आहे, आजच्या फाइलीत तीन हा क्रमांक एकदाच आलाय, तक्रार संपली. पण लोकांच्या फोनवर जुनं ॲप असतं. त्याच्या लेखी तीन म्हणजे मिनिटं. तारेवरून नावं जातच नाहीत, क्रमांक जातात. उद्या तिनावर तू घरांची संख्या पाठवलीस तर जुना फोन बिनतक्रार दाखवेल: ‘आज पाणी चारशे मिनिटं.’ आणि कोणीतरी बिचारं सगळे पिंप घासून ठेवेल. म्हणून काढून टाकलेल्या क्रमांकावर ‘राखीव’ असा शिक्का मारून ठेवायचा. मग मात्र तो क्रमांक पुन्हा वापरू गेलं की कंपायलर अडवतो. कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवून तपासणारी ‘बफ’सारखी हत्यारंही आहेत, पण ती वेगळी बोलवावी लागतात. मूळ कंपायलरला आठवण हवी असेल तर आपण ती फाइलीतच लिहून द्यायची. भाची म्हणाली, “म्हणजे याला सगळं आपणच सांगायचं आणि मग यानेच आपल्याला रागवायचं.” याहून नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

खरं तर याच्या वरच्या वर्गातल्या भाषा आहेत, आणि मी त्यांच्या नादाला लागले ते अशाच एका अस्वस्थतेतून. टीएलए प्लस नावाची भाषा लेस्ली लॅम्पोर्ट यांनी घडवली, ज्यांना २०१३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिच्यात रकाने लिहीत नाहीत, वागणूक लिहितात: सुरुवातीला काय असतं, एका पायरीत काय काय बदलू शकतं, आणि काय कधीही होता कामा नये. तिचा वाचक आहे सॅनी. तोही आधी वाक्यरचना बघतो, मग नावं, आणि मग एक मजेची गोष्ट बघतो. तिथे एखाद्या राशीवर टिंब द्यावं तसं शेंडीचं चिन्ह दिलं की तिची पुढच्या क्षणाची किंमत असा अर्थ होतो. दोनदा शेंडी दिली तर सॅनी हाकलून देतो. पुढच्या क्षणाबद्दल बोल, पुढच्याच्या पुढच्याबद्दल नको. हा नियम मला आवडतो. पण या भाषेला प्रकार नसतात, त्यामुळे आकड्यात अक्षरं मिळवायला सांगितली तरी सॅनी शांतपणे मान हलवतो. ती भानगड टीएलसी नावाच्या दुसऱ्या यंत्राला प्रत्यक्ष चालवताना कळते. टीएलसी सगळ्या शक्य अवस्था एकामागून एक काढून बघतो आणि ‘होता कामा नये’ असं काही कुठे होतंय का ते शोधतो. त्याची ताकद खरी आहे. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ साली लिहिलं होतं की त्यांच्या डायनॅमोडीबी या साठवणीतली एक चूक अशी निघाली की ती दाखवायला कमीत कमी पस्तीस पायऱ्यांचा माग काढावा लागत होता. एवढं लांबचं माणसाच्या नजरेला येतच नाही.

आणि तरीही आमच्या टीममधल्या एकाच्या बाबतीत जे झालं ते मी विसरत नाही. त्याने रांगेत येणाऱ्या निरोपांचं सुंदर वर्णन लिहिलं होतं. निरोप हरवता कामा नये, दोनदा पोचता कामा नये, सगळं होतं. टीएलसीने चालवून सांगितलं: तपासणी पूर्ण, चूक आढळली नाही. सगळे खूश. एका ज्येष्ठ बाईंनी मात्र खालची अवस्थांची संख्या बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. फारच थोड्या होत्या. शोधल्यावर निघालं की रांगेत निरोप टाकण्याच्या पायरीची अट अशी लिहिली गेली होती की ती कधी पूर्णच होत नव्हती. रांग कायम रिकामी. रिकाम्या रांगेतून निरोप हरवत नाही, दोनदाही पोचत नाही. यंत्राने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्या बाईंनी इतक्या वर्षांत काय कमावलं असेल तर ही सवय: उत्तर हिरवं आलं की आधी बघायचं, हे नक्की कशाला हिरवं म्हणालं? मला ती सवय हवीही वाटते आणि नकोही. कारण ती लागली की सुटकेचा श्वास पुन्हा कधी पूर्ण टाकता येत नाही, आणि रात्री साडेअकराला, उकाड्यात, तो श्वास मला फार लागतो.

भाचीचं काम पुढे सरकलं ते कुठल्याच यंत्रामुळे नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, तिला कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे पाठवलं. व्हॉल्व्हची लांब दांडी खांद्यावर टाकून सायकलवरून फिरणारा हा माणूस आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याला लोक लग्नाची पत्रिका देतात ती उगाच नाही. भाचीने वही काढून विचारलं, “काका, पाणी किती वेळ सोडता?” तो म्हणाला, “टाकी उतरेपर्यंत.” म्हणजे किती तास? “ते टाकीला विचार की बाळ.” तिने नेट धरून सांगितलं की आम्हाला फाइलीत आकडा लिहायचा आहे, तीन तास धरू का? “धर की. पाण्याला कोण सांगणार?” मग त्याने जरा दया येऊन समजावलं. उजनीकडून पाणी येतानाच लाइटचा घोळ झाला तर टाकी भरत नाही, टाकी अर्धी असली की अर्धाच वेळ, आणि उताराच्या घरांना शेवटपर्यंत येतं, चढाच्या घरांना मधेच तुटतं. मी चावी उघडतो ती वेळ मला माहीत असते, बंद करतो ती बंद केल्यावर कळते. कालावधी असं काही नसतंच.

ती परत आली ती गप्पगप्प. तास की मिनिटं यावर आम्ही दुपार घालवली होती, आणि तो रकानाच जगात नव्हता. तिने तिसरा क्रमांक राखीव केला, आणि सुरू झाल्याची वेळ व बंद झाल्याची वेळ असे दोन नवे रकाने घातले, दुसरा रिकामा राहू शकेल असा. इथे प्रोटोबफची एक जुनी खोड आड आली असती, ती नशिबाने टळली. साध्या आकड्याचा रकाना न भरणं आणि त्यात शून्य भरणं, हे तिसऱ्या आवृत्तीत, वेगळं काही सांगितलं नाही तर, एकच धरलं जातं. शून्य असेल तर ते तारेवर पाठवलंच जात नाही. ‘आज पाणी शून्य मिनिटं आलं’ आणि ‘आज काय झालं ते कोणी कळवलं नाही’ या दोन वाक्यांत काही फरक नाही असं मानणाऱ्या माणसांना एकदा मे महिन्यात सोलापुरात आणून ठेवायला पाहिजे. पुढे त्यांनी रकान्याला ‘ऑप्शनल’ लावायची सोय परत आणली, पण ती लावायची की नाही हे कंपायलर विचारत नाही. वेळेचा तयार प्रकार वापरला की आहे-नाही हा फरक आपोआप टिकतो. भाचीने तो वापरला होता, कारण तिला तो दिसायला छान वाटला.

मग चावीवाल्याने स्वतःहून एक मागणी केली. पाळीच्या दिवशी व्हॉल्व्ह उघडून तो उभा होता, भाचीला बघून म्हणाला, “पाणी येऊलालंय एवढंच सांगून काय उपयोग? धार किती, ते घाल की त्यात. बारीक धारेला मोटर लावून लोक भांडतात.” दाब मोजायचं यंत्र त्याच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. त्याची मोजणी बोटांची आहे: करंगळीएवढी, अंगठ्याएवढी, मनगटाएवढी. भाचीने यादी केली. यादीत पहिल्या नावाची किंमत शून्य असावीच लागते, तिथे तिने ‘अज्ञात’ लिहिलं, या वेळी आधी ‘धार’ जोडून, म्हणजे अंगणातल्या बाकीच्या अज्ञातांशी भांडण नको. मग करंगळी, अंगठा, मनगट. कंपायलर काही बोलला नाही. सर्व्हरवाल्या मुलाचं म्हणणं आहे की बोटांऐवजी एक ते तीन असे आकडे ठेवावेत, जास्त शास्त्रीय दिसतं. भाची म्हणते, आकडे ठेवले तर एक म्हणजे एक काय हे कोणीतरी विचारेल, आणि करंगळी म्हटलं की इथे कोणी विचारत नाही. मी तिच्या बाजूने आहे. फक्त चावीवाल्याची करंगळी माझ्या अंगठ्याएवढी आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.